मिस परकार यांची इद्दत

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५ — दुपारी ४ वाजून १० मिनिटं

वेळ आधी लिहून ठेवते. पुढे कुणी "केव्हा?" विचारलं तर अडखळायला नको.

दोन कप चहा ओतून झाला होता. त्याच्यात वेलची, माझ्यात नाही. मंगळवारी चारला पाच कमी असताना खाली गाडीचं दार वाजतं. वाजलं नाही. वाजला तो फोन. दुआ — माझ्या धाकट्या भावाची मुलगी. दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते, श्वाससुद्धा इंग्रजीतून घेते.

"फुफी, आर यू सिटिंग डाउन? इन्स्टावर आलंय. इज दॅट... युवर शेख?"

काल संध्याकाळी गेला. आज दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफनही झालं. फोटोत सगळे आहेत — भाऊ, मुलगे, पुतणे, त्याचे ससाणे सांभाळणारासुद्धा.

सदतीस वर्षांची बायको मी. इन्स्टाग्रामवरून विधवा झाले!

त्याचं नाव या वहीत कधी लिहिलं नाही. आजही लिहीत नाही.

चहा बेसिनमध्ये ओतला. दोन्ही कप.

बुधवार, १५ ऑक्टोबर

गनी आला. एकोणचाळीस वर्षं त्याचा ड्रायव्हर. म्हसळ्याचा. मी रत्नागिरीची म्हणून मला आपा म्हणतो. आमच्या निकाहाला दोन साक्षीदार होते, त्यातला एक हा. दुसरा मेला. निकाह पढवणारे मौलवी मेले. निकाहाचा कागद नवऱ्याच्या तिजोरीत. म्हणजे जगात उरला फक्त गनी.

"आपा, तुम्हाला फोन करायची मनाई होती."

"कुणाची?"

"ऑफिसची."

"तीस मैल गाडी हाकत मय्यत नेलीस. एक मिनिट बाथरूमला जातो म्हणून नाही फोन करता आला?"

तो स्वयंपाकघरात गेला. मग पिशवीतली सुरमई काढून फ्रिजमध्ये ठेवली. कापून, धुऊन आणलेली. आजच्या दिवशी!

त्याच्या घरी पुरुषांचा तंबू वेगळा, बायकांचा वेगळा, तीन दिवस लोक सांत्वनाला येतात. दुआ म्हणते, गाडी घेऊन येते, जाऊ या. मी म्हटलं, मी कशी जाईन? नवरा गेला की बाई त्याच्या घरात बसते. चार महिने दहा दिवस, ती इद्दत. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, अत्तर नाही, रंगीत कपडा नाही. लोकांनी माझ्याकडे यायचं असतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

तीन दिवस झाले. आलं कोण? सहाव्या मजल्यावरची अजरा. कशाला, तर माझी पार्किंगची जागा रिकामी असते, ती वापरू का विचारायला!

मंगळवार, २१ ऑक्टोबर

हाताने पुन्हा दोन कप काढले. एक परत ठेवला.

लिहिते सगळं, नाहीतर डोक्यात सडेल. १९८३ला इथे अबुधाबीत आले तेव्हा सव्वीसची होते. रत्नागिरीचं कॉन्व्हेंट, मिनिटाला एकशेवीस शब्दांचं शॉर्टहँड, आणि एका म्हाताऱ्या इंग्रज सल्लागाराची स्टेनो. हा मीटिंगला यायचा. मोठ्या घराचा धाकटा मुलगा — काम काही नाही, खुर्ची मात्र पुढची. जांभया द्यायचा. एकदा माझ्या पॅडवर वाकून म्हणाला, "या मुंग्या कुठे चालल्यात?"

मी म्हटलं, "जिथे जायचं तिथे तुमच्या भावाच्या भाषणाच्या आधी पोचतील."

भरल्या मीटिंगमध्ये मोठ्याने हसला! इंग्रजाचा चेहरा पडला. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी हा शिकायला हजर. तीन महिन्यांत शिकला. अक्षर भयंकर — माझ्या मुंग्या बारीक, त्याच्या गरोदर. मग सहीच्या फायली खाली यायच्या त्यांच्या समासात पेन्सिलीच्या रेघोट्या असायच्या. "आज निळा रंग. बरं झालं." अर्धी हिंदी, अर्धी अरबी, लिपी शॉर्टहँडची. इंग्रजाला वाटायचं, शेख पेन्सिलीला टोक आहे का बघतो.

असल्या घरातल्या माणसाला बाहेरच्या देशाची बायको करायची तर घराची परवानगी लागते. मिळाली नसती, म्हणून त्याने मागितली नाही. १९८८ला निकाह, आणि खालिदियातलं हे आठव्या मजल्याचं घर. माझा व्हिसा तेव्हाही सेक्रेटरीचा, आजही सेक्रेटरीचा. मीच म्हटलं होतं, असू दे. चूक! स्टेनोने करायची चूक नव्हे ही. जे कागदावर नाही ते घडलेलं नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

मूल राहिलं नाही. त्यावर लिहायचं नाही.

आधी मंगळवार आणि शुक्रवार यायचा. मोठं पद मिळाल्यावर नुसता मंगळवार उरला. चहा, तासभर गप्पा, घरातल्यांच्या नकला. पुढे पुढे दम लागायचा त्याला, दार सताड उघडं ठेवायला लावायचा. बाहेर पॅसेजमध्ये गनी स्टुलावर. मी ओरडायचे, "एसी लावून अख्खी अबुधाबी गार करतोस काय?" हसायचा. दार मात्र उघडंच.

सोमवार, २७ ऑक्टोबर

त्याच्या खाजगी ऑफिसचं पत्र. वरचा कागद जाड, सोनेरी शिक्का. "प्रिय मिस परकार" —

मिस!

"आपल्या प्रदीर्घ सेक्रेटरी सेवेबद्दल ऑफिस कृतज्ञ आहे. कर्मचाऱ्यांसाठी दिलेलं निवासस्थान ३० नोव्हेंबरपर्यंत रिकामं करावं. व्हिसा त्याच तारखेला रद्द होईल." खाली सही नबील, मॅनेजर. चार वर्षांपूर्वी आलेला माणूस. याला माझं कपाळ माहीत?

तासाभरात ईमेल पाठवली. कॉन्व्हेंटातली सिस्टर फिलोमिना म्हणायची, तक्रारीत तारीख, वेळ आणि मुदत नसेल तर ती नुसती कुरकुर. म्हणून लिहिलं — मी विधवा आहे. माझी इद्दत फेब्रुवारीत, रमजानच्या चंद्रापाशी संपते. तोवर हे घर सोडणार नाही. मला एकच गोष्ट लेखी हवी. मी त्यांची बायको होते, की नव्हते? एक शब्द पुरे. सात दिवसांत.

घर नको मला. घर घ्या! तो शब्द हवा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

गनीला समोर बसवलं. कागद, पेन.

"लिही. मी, गनी, अमुकचा मुलगा, निकाहाला हजर होतो. तारीख मी सांगते."

"आपा, घाई कशाला? बघू या, इन्शाल्ला."

"गनी, तुझं इन्शाल्ला म्हणजे नाही. मी काय आज ओळखते तुला?"

"माझी नोकरी आहे, आपा."

"एकसष्टाव्या वर्षी? कुणाला घाबरतोस, मेलेल्याला?"

पेन उचललं. खरंच उचललं. मग ठेवलं, आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "आपा, दुआकडे चला. मी सामान बांधून देतो. खलास करा हे."

भित्रा! सदतीस वर्षं माझ्या हातची बिर्याणी खाल्ली त्याने. दारातच सांगितलं, साक्ष घेऊन येणार असशील तर ये, मासे घेऊन येऊ नकोस.

रविवार, २ नोव्हेंबर

दुआ आली. इथलं सगळं ऐकून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

"फुफी, सीरियसली. आमच्याकडे चल. एक रूम रिकामी आहे."

"इद्दतीत घर सोडत नाहीत."

"पण ते तुला वाइफ मानतच नाहीत. मग इद्दत कसली?"

"म्हणूनच तर!"

तिने पाय खाली घेतले. मग डोळे मोठे. "ओह. सो इट्स लाइक अ प्रोटेस्ट?"

"हो. बसून करायचा असतो. गुडघ्यांना सोयीचा."

हसली. मग रडली. पोरींचं हे असं — आधी एक, मग दुसरं, मध्ये फोन.

जाताना विचारलं, "ही लव्ह्ड यू, नो?"

मी म्हटलं, विचारतेस काय? बावीस वर्षांत एक मंगळवार चुकवला नाही त्याने. दोनदा तर हॉस्पिटलमधून उठून आला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सात दिवस कधीच उलटले. उत्तर नाही. आज माझं लिफ्टचं कार्ड बंद केलं. मूर्ख लोक! मी जाते कुठे?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नबील स्वतः आला. मागे गनी, हातात पुठ्ठ्याची पेटी. पेटीत सात वह्या. काळं रेक्झिन, कोपरे झिजलेले. वरची उघडली. गरोदर मुंग्या! पानंच्या पानं.

शेखसाहेबांच्या खाजगी वह्या आहेत, वारसांना त्यात काय आहे ते हवंय, नबील म्हणाला. लंडनला पाठवल्या होत्या. तिथल्या बाईने कळवलं, खुणा शॉर्टहँडच्या आहेत, पण शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत.

"आमच्या भाषेतले आहेत," मी म्हटलं.

माणूस सभ्य आहे. नुसता कारकून. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळं टाइप करून द्या. निकाहाची नोंद यात सापडली, तर मी स्वतः वरती लेखी देईन. विडो म्हणून. माझा शब्द."

"शब्द नको. कागद."

त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्याच पॅडवर लिहून सही केली! पहिला माणूस या सगळ्यात.

गनी मात्र पेटी धरून उभाच. "आपा, राहू द्या. इतकं बारीक, डोळे जातील."

"डोळे माझे आहेत. ठेव ती पेटी."

ठेवली. मग पुन्हा उचलायला गेला. म्हातारा झाला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं!!

दुसरी वही. "गुरुवार, २२ सप्टेंबर १९८८. आज निकाह. गनीने नवीन शर्ट घातला, लेबल काढायला विसरला. मु. इतकी रागावलेली दिसत होती की मौलवींनी तिला कबूल आहे का ते दोनदा विचारलं. नंतर कळलं, चप्पल चावत होती."

मु. म्हणजे मी. खरं आहे. चावत होती.

दुआला फोनवर वाचून दाखवलं. ती किंचाळली. "खलास, फुफी! यू वन! एवढंच टाइप कर आणि पाठव."

"अजून पाच वह्या आहेत."

"कोणाला कळणारे? नोबडी एल्स कॅन रीड इट!"

म्हणूनच. वाचणारी एकटीच असेल तर तिने एक ओळ गाळायची नसते. अर्धी नक्कल देणारी स्टेनो आणि खोटी साक्ष देणारा माणूस, यांत फरक काय? तिला नाही पटलं. तिच्या पिढीला कापून चिकटवायची सवय.

आज किती दिवसांनी भूक लागली. वरण-भात केला. त्याला वरण आवडायचं नाही — वहीत तेही आहे!

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाचवी वही. आज लिहिणार नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल तीन वेळा वाचलं. वेगळं काही निघतंय का बघत होते. रेघ चुकली असेल, टिंब राहिलं असेल. पण त्याला शिकवलं मी. माझ्या हाताखालचा माणूस असल्या ठिकाणी चुकत नाही.

"शनिवार, ३ मे २००३. भावाने दोन कागद ठेवले. एक नेमणुकीचा, एक तलाकचा. तिन्ही, एकदम, परत फिरता येणार नाही असा. म्हणाला, सही दोन्हींवर, नाहीतर कशावरच नाही. दोन्हींवर केली. साक्षीला गनी. मु.ला सांगणार नाही. घर तिचं राहील. मंगळवार राहील."

बस. पुढच्या ओळीत ससाण्याच्या औषधाची वेळ.

खुर्ची घेतली. मला सोडलं. आणि चहा चालू ठेवला.

माझ्या जुन्या वह्या माळ्यावर. स्टूल लावून काढल्या. २००३. "मंगळवार, ६ मे. आला! एवढं मोठं पद मिळालं म्हणून सांदणं केली. दोनच खाल्ली. आनंदाने माणसाचं पोट भरतं म्हणतात ते खरं. दम लागतो म्हणाला, दार उघडं ठेवायला लावलं. गनी बाहेर स्टुलावर. त्याला ताटली नेली तर घेईना. डोळे लाल. शेख मोठे झाले म्हणून रडतोय खुळा!"

सांदणं केली मी. माझ्या तलाकाची मिठाई वाटली!

दुआचा फोन. आवाजावरून कळलं तिला. सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा धड मराठीत म्हणाली, "फुफी, ते पान जाळ. तू त्यांची बायको आहेस. मला माहितेय. कुणाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, हेच तो म्हणाला होता. कुणाला सांगायचं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर — सकाळी ११ वाजून २० मिनिटं

बाहेर जाऊन आले. चौतीस दिवसांनी. आठ मजले जिन्याने उतरून नबीलच्या माणसाला पाकीट दिलं. चौऱ्याण्णव पानं, शेवटी "खरी नक्कल" आणि माझी सही. ३ मेचं पान जागच्या जागी आहे. सोबत नबीलचा कागद परत. घर ३० तारखेला रिकामं होईल.

चढताना सहाव्या मजल्यावर दम खायला थांबले. अजराचं दार सताड उघडं, एसी बाहेर पळतोय, आणि दारात खुर्ची टाकून तिची सासू बसलेली. म्हटलं, काय झालं? अजरा आतून म्हणाली, "काही नाही, आपा. एसीवाला आलाय. परका माणूस घरात, त्याच्याबरोबर बंद दारामागे एकटीने बसायचं नसतं, म्हणून."

तिथे पायरीवरच बसले.

वर येऊन हे लिहिलं. नक्कल इथे, मूळ चिठ्ठी वॉचमनकडे.

"गनी, ६ मे २००३पासून शेखसाहेब माझ्याकडे चहाला यायचे, तेव्हा दार उघडं का असायचं, आणि तू बाहेर स्टुलावर का बसायचास? तेव्हा त्यांना दमा होता का? हो की नाही, लेखी कळव. इन्शाल्ला चालणार नाही. मुदत — मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजून १० मिनिटं."